काय प्यायल्या, ते कोणी विचारलं नाही

आजारातून उठले तेव्हापासून लोक मला माझी तब्येत कमी आणि त्या नर्सिंग होमबद्दलच जास्त विचारतात. सौंसरच्या बाजारात भाजी घेताना, छिंदवाड्याच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात. मॅडम, तुम्ही तिथं भरती होत्या ना, कसं आहे हो, माणूस ठेवण्यासारखं आहे का? मोहगावहून, पांढुर्ण्याहून फोन येतात. कोणाची सासू पडलेली असते, कोणाच्या वडिलांचा ताप उतरत नसतो, आणि इथंच ठेवायचं की नागपूर गाठायचं हे त्यांना उभ्याउभ्या ठरवायचं असतं. मी काहीतरी अर्धवट सांगते आणि मग दिवसभर जिवाला लागून राहतं की नीट सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. नर्सिंग होमचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

माझी ओळख थोडक्यात अशी, की मी शाळेत शिकवलं आणि मधली काही वर्षं जनशिक्षक म्हणून आसपासच्या शाळा तपासत फिरले. ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही. लग्नात जेवायला गेले तरी आधी पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का ते पाहते. आमचे यजमान बागायतदार. बोरगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. ते कमी बोलतात आणि त्यांच्या वाट्याचंही मीच बोलून टाकते. मुलगा नीलेश नागपूरला नोकरी करतो. एवढीच माणसं या गोष्टीत आहेत, आणि नर्सिंग होमची.

नाडीचा वळ

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला येत होता. निवृत्त झाल्यापासून मी रोज बगीच्यात जाऊन बसायची, गवतात चटई टाकून. तिथूनच काहीतरी चावलं असणार, पण ते कळलं नाही. ताप आला. आधी जिथं दाखवलं तिथं टायफॉइड म्हणाले, गोळ्या दिल्या. ताप हटेना. डोकं असं ठणकायचं की घरातल्या भांड्याचा आवाज सहन होईना. तरी मी घरभर फिरतच होते, कारण पडून राहणं मला जमत नाही. एका सकाळी दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवायला गेले आणि हातच उचलेना, तेव्हा यजमानांनी काही न विचारता गाडी काढली.

नर्सिंग होमच्या डॉक्टर मॅडम चाळिशीच्या, इथल्याच, बोलायला तुटक. त्यांनी मला पडद्यामागं नेलं आणि पायापासून मानेपर्यंत सगळं पाहिलं. मी वैतागले होते. ताप आलाय, त्यात साडी कशाला सोडायची, असं मनात म्हणत होते. परकराची नाडी बांधतो तिथं कमरेवर एक काळी खपली होती, अगरबत्तीचा चटका बसावा एवढी. मला ती माहीत होती, नाडी घासून वळ उठला असेल असं मी धरून चालले होते. मॅडमनी मात्र तिथं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, गवतात बसता का?

त्या आजाराचं नाव स्क्रब टायफस. बारीक किडा चावल्यानं होतो, औषध साधं आहे, पण माझ्या बाबतीत उशीर झाला होता. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मॅडम म्हणाल्या की किडनीला झळ लागली आहे. आमच्याकडे किडनी हा शब्द ऐकला की माणसं गप्प होतात. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ डायलिसिससाठी नागपूरच्या वाऱ्या करता करता वाळून गेले, ते माझ्या डोळ्यांसमोर आले. यजमान भिंतीकडे पाहत उभे होते. मला खूप भीती वाटली आणि त्याच वेळी घरी जाऊन ते दूध उतू गेलं का पाहावं असंही वाटत होतं. डोकं असं दोन्हीकडे पळत होतं.

माझी तपासणी

भरती झाल्यावर माझं नेहमीचं काम सुरू झालं. खाटेवर पडल्यापडल्या मी वॉर्ड तपासला. खिडकीच्या पट्टीवर धूळ. बोलावण्याची बेल बंद, म्हणून ज्याला कोणाला सिस्टर हवी तो खाटेच्या लोखंडावर चमचा वाजवणार. सलाईनचा स्टँड चिकटपट्टीनं बांधलेला. चादर घरून आणायची, डबाही घरून, कारण तिथं स्वयंपाकघर नाहीच. प्रत्येक खाटेखाली पेशंटच्या नातेवाइकाचं अंथरूण. सुनीता नावाची सिस्टर, जिला मी हसताना पाहिलं नाही, एका कानाला फोन लावून बीपी घ्यायची. मी मनातल्या मनात सगळ्यांना नापास करून टाकलं आणि यजमानांना म्हटलं की इथून निघू या.

आमच्याच वॉर्डात मोहगावच्या एक आजी होत्या, त्यांना काही बोलता येत नव्हतं. शाळा तपासायला जायची तेव्हा मी फळा आणि भिंतीवरचे तक्ते पाहायची नाही. शेवटच्या बाकावरच्या पोराला कोणी काही विचारतं का, ते पाहायची. तर त्या आजी चमचा वाजवू शकत नव्हत्या, आणि तरी फोन कानाला लावलेली ही सुनीता येता-जाता त्यांना कुशीवर वळवून जायची. माझा निकाल तिथं थोडा डगमगला. पण आजारी माणसाचं मन एका जागी राहत नाही. दुपारी पुन्हा बेल आठवायची, पुन्हा चीड यायची, पुन्हा उठून बसायची. शेजारच्या बाई म्हणायच्या, काकू, तुमच्याकडं पाहूनच आमाले थकवा येते.

मॅडमनी पथ्य सांगितलं होतं. मीठ अगदी कमी, पाणी मापून. सकाळ-संध्याकाळ सुनीता सिस्टर यायची आणि विचारायची, काकू, किती प्यायल्या? लघवी किती? यजमान मापाच्या भांड्याचा आकडा अगदी प्रामाणिकपणे सांगायचे. ती ऐकायची आणि पुढच्या खाटेकडं जायची.

रस

तोंडाची चव गेली होती. भात समोर आला की उबळ यायची. जात होता फक्त एक रस.

आमच्या यजमानांनी जन्मात चहा केला नव्हता. आता ते पहाटे बगीच्यात जायचे, ओढ्याच्या बाजूची झाडं आधी गोड होतात म्हणून तिथली संत्री निवडून तोडायचे, घरी येऊन हातानं पिळायचे. कडवट होऊ नये म्हणून बिया आधी काढायचे, मग फडक्यातून गाळायचे. स्टीलच्या बाटलीत भरून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणायचे. पाण्याच्या मापात तो रस धरायचे, एक थेंब जास्त होऊ द्यायचे नाहीत. आमच्या भागात आजाऱ्याला संत्रं देणं म्हणजे त्याच्या उशाशी बसण्यासारखंच आहे, त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं कोणाला वाटत नाही. भेटायला येणारेही पिशवी घेऊनच यायचे. बगीचेवाल्यांना बगीचेवालेच संत्री आणतात यावरून मी त्यांची थट्टा केलेली आठवते.

ताप उतरला. पण अंगात बळ येण्याऐवजी माझे पाय माझे नाहीत असं वाटायला लागलं. छातीत मधेच एक ठोका चुकल्यासारखं व्हायचं. रोजच्या रक्तात पोटॅशियम वाढत होतं. मॅडम कागद घेऊन यायच्या, औषध बदलायच्या, पुन्हा यायच्या. ताप नाही, लघवी होते आहे, मग हे चढतं कशानं, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायच्या. आमच्या घरात मात्र निदान ठरलं होतं. तिथलं मशीन खराब, डॉक्टर कच्च्या, नर्सिंग होम कुचकामी. नीलेश फोनवर म्हणाला, "आई, तिथं कायले पडून राहिली? मी गाडी घेऊन येऊन राहिलो." शेवटी मॅडमही म्हणाल्या की डायलिसिसची वेळ आली तर इथं सोय नाही, नागपूरला हलवू या. चिठ्ठी लिहिली, अॅम्ब्युलन्सला सांगितलं.

मॅडमच्या हातातला ग्लास

आमच्याकडे कोणाच्या दारातून निघताना काही हातावर ठेवल्याशिवाय निघत नाहीत. मनात कितीही राग असला तरी. त्या सकाळी यजमानांनी मोठी बाटली भरून आणली होती, तिथल्या सगळ्यांसाठी. मॅडम माझी नाडी पाहायला आल्या, तेव्हा यजमानांनी ग्लास भरून त्यांच्यासमोर धरला.

"घ्या म्याडम. आपल्याच बगीच्यातला हाय. हिलेबी हाच देऊन राहिलो."

मॅडमनी ग्लास हातात घेतला होता. त्यांनी विचारलं, "रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. दुसरं काही जातच नाही तिच्या पोटात."

त्यांनी ग्लास खिडकीच्या पट्टीवर ठेवला आणि माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा बसल्या होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हे आजपासून बंद. याच्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी बरी असली तर ते निघून जातं, काकूंची किडनी आत्ता काढू नाही शकून राहिली."

वॉर्डात सगळे ऐकत होते. यजमानांच्या हातात बाटलीचं झाकण होतं, ते त्यांनी लावायचा प्रयत्न केला, पण आटे बसेनात.

"तुमची काही चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "मी मीठ सांगितलं, पाणी सांगितलं. हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. आमच्या घरीबी बगीचा आहे, आमच्याकडेबी आजाऱ्याला पहिले हेच देतात. मी विचारायला पाहिजे होतं."

मला राग आला. आजही लिहिताना येतो. रोज दोन वेळा किती प्यायल्या ते विचारलं, काय प्यायल्या हे एकदाही नाही. मी मॅडमना तसं तोंडावर म्हटलं, सुनीतालाही म्हटलं, आणि माझा आवाज चिरका झाला होता. दोघींनी ऐकून घेतलं. कोणी सबब सांगितली नाही. मग मान वळवून पाहिलं तर यजमान तिथं नव्हते.

गाडी दारात

मॅडमनी दोन्ही रस्ते समोर ठेवले. आत्ताच नागपूरला जायचं असेल तर त्या सोबत सिस्टर देतील, वाटेत लागणारं सगळं देतील. थांबायचं असेल तर औषधं लगेच सुरू, छातीला तारा लावून ठोक्यांवर नजर, आणि संध्याकाळी पुन्हा रक्त. गाडी दारातून हलणार नाही. जरा जरी बिघडलं तरी वाट न पाहता निघायचं. "माझा हट्ट नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या.

तेवढ्यात नीलेश पोचला. त्याला सगळं कळल्यावर तो म्हणाला, ज्यांना विचारायचंच सुचलं नाही त्यांच्या भरवशावर तुला कसं ठेवू? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्याजवळ त्याला उत्तर म्हणून एवढंच होतं, की शाळा तपासत फिरले तेवढ्या वर्षांत भरल्या वर्गात "हे माझ्याकडून राहिलं" म्हणणारे मुख्याध्यापक मला फार थोडे भेटले. आणि जे भेटले त्यांच्या शाळेत मला पुन्हा जाऊन पाहायची गरज पडली नव्हती. मी थांबते म्हटलं. हे धाडस नव्हतं. सौंसर ते नागपूर त्या रस्त्यावर, गाडीत, माझा ठोका चुकला तर काय, याचीही मला तेवढीच भीती होती. माझं पाहून दुसऱ्या कोणी असंच ठरवावं असं मी म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी जा म्हटलं की जा.

तो दिवस संपता संपेना. औषधं चालू झाली, वाफेचा मास्क लागला, सुया टोचल्या. सुनीता सिस्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली, फोन टेबलावर उलटा ठेवून. मी तिला विचारायची, आता कसं दिसते? ती म्हणायची, दिसून राहिलं तसंच. मग मी पुन्हा विचारायची. खाली रस्त्यावर कापसाच्या गाड्या जात होत्या, चालक ओरडत होते, आणि मला वाटत होतं की त्यांच्यातल्या एखाद्या गाडीवर चढून कुठंही जावं, फक्त या खाटेवर नको. नीलेश वॉर्डाच्या दारात येत-जात होता. त्याच्या वडिलांना शोधायला कोणाला सुचलं नाही.

दिवेलागणीला रिपोर्ट आला. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "उतरलं." नीलेश बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी सुनीताचा हात धरून ठेवला होता, तो तिनं बराच वेळ सोडवून घेतला नाही.

मग कसं आहे ते नर्सिंग होम?

पुढच्या दिवसांत किडनी हळूहळू कामाला लागली. डायलिसिसचं नाव निघालं नाही. बेल तशीच बंद होती, खिडकीच्या पट्टीवरची धूळही. पण दुसऱ्याच दिवसापासून मॅडम राउंडला आल्या की आधी प्रत्येकाचा डबा उघडायला सांगायच्या. बाटलीत काय आहे, पिशवीत काय आहे, भेटायला कोण आलं होतं, काय देऊन गेलं, सगळं विचारायच्या. नातेवाईक लाजायचे, कोणाच्या डब्यात लोणचं निघायचं, कोणाच्या पिशवीत भजी. मोहगावच्या आजींना कोणीतरी चाटवायला गूळ ठेवला होता, आणि त्यांना साखरेचा आजार होता.

तर मला विचाराल तर माझं मत असं आहे. ते नर्सिंग होम चकचकीत नाही. त्यांची चूक झाली आणि ती लहान नव्हती, माझा जीव जाऊ शकला असता. आणि तरी माझ्या घरचं माणूस मी तिथं ठेवीन. तुम्ही कुठंही ठेवा, पण आजाऱ्याच्या तोंडात जे जातं ते सगळं डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, त्यातही जे तुम्हाला सांगण्यासारखं वाटतच नाही ते आधी. आणि चमचा वाजवायला लाजू नका.

जिन्याखाली

यजमान त्या सकाळनंतर वॉर्डात आले नाहीत. नीलेश सांगायचा, बाबा तोडणीवर आहेत, व्यापारी आला आहे. पहिल्या दिवशी मी मानलं. मग मला फार वाईट वाटायला लागलं. मी इथं मरता मरता वाचले आणि यांना माल महत्त्वाचा. पडल्यापडल्या मी त्यांच्याशी भांडणं करायची, त्यांची उत्तरंही मीच द्यायची. एके दिवशी फरशी पुसता पुसता वॉर्डातल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, "काका तं खालीच बसून असते, जिन्यापाशी, चपलांच्या बाजूनं. जो उतरते त्याले इचारते, कशी हाय म्हणून."

मी निरोप पाठवला, वर या. उत्तर आलं, तिले म्हणा आराम कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनीताला म्हटलं, मला जिन्यापर्यंत ने. ती आधी नाही म्हणाली, मग मॅडमना विचारून आली. भरती झाल्यापासून मी तेवढं चालले नव्हते. कठड्याला धरून खाली पाहिलं तर हे पाठमोरे बसले होते, टोपी गुडघ्यावर. मान खाली गेलेली. त्या माणसाला मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

मी वरूनच म्हटलं, "मला भूक लागली आहे."

ते उठले, पण पायरी चढले नाहीत. "नीलेश आणते डबा."

"मला तुमच्या हातचं पाहिजे."

"माह्या हातचं नको खाऊ तू आता."

जिन्यावरून माणसं ये-जा करत होती. एरवी मी चारचौघांत नवऱ्याशी असं बोलले नसते. मी म्हटलं, "दुसरं काही गिळवत नव्हतं तेव्हा तुम्ही दिलं ते मी प्यायले. मी प्यायले म्हणून टिकले असंही मला वाटतं. मॅडम काही म्हणोत. तुम्ही नाही आणलं तर मी आज जेवणार नाही." हे आजारी बाईनं बोलायचं नसतं, मला माहीत होतं. सुनीता माझा दंड धरून उभी होती, तिनं काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. चपला घातल्या आणि निघून गेले. मी खाटेवर येऊन पडले, सारखी दाराकडे पाहत होते, उठत होते, पुन्हा आडवी होत होते. नीलेशनं डबा आणला, तो मी बाजूला ठेवायला लावला.

दुपारी ते वर आले. माझ्याकडे आले नाहीत. सरळ सिस्टरच्या टेबलाकडे गेले, डब्याचं झाकण काढून तिच्यासमोर धरलं आणि काहीतरी विचारलं. सुनीतानं वाकून पाहिलं, मान हलवली. मग ते मॅडमच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहिले. आत पेशंट होता. ते उघडा डबा वरून हातानं झाकून तसेच बराच वेळ उभे होते. आत जाऊन आले तेव्हा कुठं माझ्या खाटेपाशी आले आणि कडेला बसले. मऊ भात होता, वर थोडं तूप. त्यांनी तो चमच्यानं कालवला, चमचा माझ्या तोंडापर्यंत आणला आणि तिथं त्यांचा हात थांबला.

"दोघींलेबी दाखवून आणला," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं.